जाताना वाचायचं, येताना लिहायचं

दीपिका सिडामचा कागद हातात आला की तिनं कोणतं वाक्य कुठल्या गावाजवळ लिहिलं ते मी शपथेवर सांगू शकतो. अक्षर टपोरं आणि ओळीवर नीट बसलेलं असलं तर एस.टी. बल्लारपूर सोडून कोठारीच्या बाजूला लागलेली असणार. वेलांट्या वरच्या ओळीत घुसू लागल्या की गोंडपिपरी मागे पडलं. आणि अख्खा शब्दच उडी मारून समासात जाऊन बसला की समजायचं, आष्टीचा पूल ओलांडला, लगामकडचा रस्ता लागला आणि बाई तरीही लिहितेच आहे. हे अक्षर लावता लावता माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.

मी प्रवीण. चंद्रपुरातल्या एका लहानशा दैनिकाची रविवारची पुरवणी काढतो. काढतो म्हणजे मजकूर गोळा करतो, टाइप करतो, काना-मात्रा तपासतो आणि सोमवारी फोनवर लोकांच्या शिव्या खातो. जिल्ह्यात कवी फार. प्रत्येकाचा एक संग्रह असतो आणि प्रत्येकाला त्याचं परीक्षण याच रविवारी हवं असतं.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी खाकी गणवेशातली एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. खांद्याला कंडक्टरची कातडी बॅग, हातात आमची पुरवणी.

“हे परीक्षण कोणं लिहिलं जी?”

“काऊन?”

“ज्यानं लिहिलं त्यानं पुस्तक वाचलंच नाई. शेवटी म्हाताऱ्याचा मुलगा परत येते म्हणून लिहून ठेवलं हाय. मुलगा येतच नाई. त्याची चिठ्ठी येते. सारी गोष्ट तेवढ्यावर तर हाय.”

परीक्षण मीच लिहिलं होतं, आणि पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचून लिहिलं होतं. चोरी पकडली गेली की माणूस आवाज चढवतो. मीही चढवला. “एवढं समजते त तूच लिही ना मग!”

“पुस्तक द्या,” ती म्हणाली.

दिलं. दोन दिवसांनी तिचा मजकूर आला, तीन पानं, आणि त्यात एकही वाक्य काढण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून ती माझी परीक्षक झाली. मानधन म्हणजे स्टँडवरच्या टपरीत एक चहा आणि वाचून झालेलं पुस्तक घरी न्यायची परवानगी.

दीपिकाचं माहेर आलापल्लीच्या पुढचं, जंगलातलं. वडील मैलकुली होते, म्हणजे सडकेचे खड्डे बुजवणारे, कडेचं गवत कापणारे सरकारी मजूर. आश्रमशाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यातली सगळी पुस्तकं हिनं दहावीपर्यंत दोनदा वाचून काढली. पुढे बाहेरून बी.ए. केलं, एस.टी.त लागली, आणि आलापल्ली ते चंद्रपूर ही गाडी तिच्या वाट्याला आली. सकाळी निघायचं, दुपारी चंद्रपुरात सव्वा तास थांबायचं, संध्याकाळी परत. मधल्या जंगलपट्ट्यात थांबे थोडे. तिकिटं फाडून झाली की दाराजवळच्या सीटवर बसून ती वाचायची, लिहायची. एकदा तपासणीचे साहेब मध्येच चढले. साऱ्यांची तिकिटं बरोबर निघाली, तेव्हा त्यांनी हिच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं आणि उतरताना परत करायलाच विसरले. ते पुस्तक आमच्या पुरवणीत आजवर परीक्षणाविना राहिलेलं आहे.

तिची परीक्षणं लोक आधी वाचत, पुरवणीतलं बाकीचं मग. एका कवितासंग्रहाबद्दल तिनं लिहिलं होतं, “या संग्रहात चंद्र एकवीस वेळा उगवतो आणि एकदाही उजेड पडत नाही.” कवीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तोच माणूस पुढच्या संग्रहाची प्रत घेऊन मुकाट्यानं आला आणि म्हणाला, त्याच बाईंना द्या. अशी तिची पत होती.

पण ती स्वतः कथा लिहायची हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तीन-चार कथा मी छापल्याही होत्या. मनात मात्र एक कादंबरी होती, ‘डोमा मैलकुली’. डोमा नावाचा मैलकुली तीस वर्षं सरकारी सडक दुरुस्त करतो, आणि ती सडक त्याच्या स्वतःच्या गावाला मात्र कधी पोचत नाही. सात वर्षांपासून ती हे लिहीत होती. सात वर्षांत झालं काय? पहिलं प्रकरण. एकोणीस वेळा.

आता गुणवंतराव गोहण्यांकडे येतो, कारण सगळी भानगड त्यांच्यापासून सुरू झाली. गोंडपिपरीचे निवृत्त मुख्याध्यापक. तीन कादंबऱ्या नावावर. माणूस सज्जन, पण स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. त्यांच्या तिसऱ्या कादंबरीवर दीपिकानं लिहिलं होतं, “पहिल्या ऐंशी पानांत नायक सतरा वेळा चहा पितो. तोवर वाचकालाही तल्लफ येते, पण गोष्टीची.” हे वाक्य जिल्हाभर फिरलं. गोंडपिपरीत तर गुरुजी दिसले की पोरं चहाची ऑर्डर देत.

गेल्या वर्षी जानेवारीत चंद्रपुरात आमचा वार्षिक साहित्य मेळावा भरला. गुरुजी व्यासपीठावर होते. भाषण चांगलं चाललं होतं. मध्येच ते थांबले आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला बघून म्हणाले, “दुसऱ्याच्या ताटातले खडे वेचणारे लई झाले. त्यायनं एक डाव सोता ताटभर रांधून दाखवावं. मग बोलावं.”

सगळ्यांनी माना वळवल्या. दीपिका मागच्या भिंतीला टेकून उभी होती, गणवेशात, कारण तिची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, गप राहा. ती कशाची गप राहते!

“रांधतो ना जी, गुरुजी,” ती म्हणाली. “पुढच्या मेळाव्याले पुरी कादंबरी आणून ठेवतो तुमच्यापुढं. नाई आणली, त त्या दिवसापासून परीक्षण लिहिणं बंद. पण आणली त तुम्ही वाचाची, अन् काय वाटलं ते खरं सांगाचं.”

“कबूल,” गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला. लोकांना गंमत होती, पण जाणार होती ती माझी परीक्षक! आणि तिचं काय जाणार होतं ते मला त्याहून चांगलं ठाऊक होतं. ज्या मुलीला आश्रमशाळेत कोणी विचारत नव्हतं, तिच्या मताची आज पुस्तकं लिहिणारी माणसं वाट बघत होती. ते सारं तिनं एका वाक्यात पणाला लावलं होतं.

“तुले कोणं सांगतलं होतं पैज लावाले?” टपरीवर मी तिच्यावर उखडलो.

“कोणीच नाई. पण एकोणीस वेळा तेच प्रकरण लिहून मलेच माझी लाज वाटून राह्यली होती, भाऊ.”

तिनं ठरवलं, वर्षभर परीक्षण बंद, वाचन बंद, फक्त कादंबरी. ऐकायला बरं वाटलं. मी दुसरे परीक्षक धरले. एकानं स्वतःच्या साळ्याच्या पुस्तकाची स्तुती करून पाठवली. दुसऱ्यानं परीक्षणात स्वतःच्याच चार कविता घातल्या. माझ्या टेबलावर पुस्तकांचा ढीग वाढत गेला आणि पुरवणीची चव गेली. तरी म्हटलं, जाऊ दे, पोरगी कादंबरी तर लिहितेय.

मार्चमध्ये तिनं वही दाखवली. पहिलं प्रकरण. विसाव्यांदा.

“एक वाक्य लिहितो,” ती म्हणाली, “अन् मागून दीपिका सिडाम येऊन उभी राह्यते. म्हणते, बाई, हे वाक्य पोचट हाय. मी खोडतो. दुसरं लिहितो. ती म्हणते, हे त कोणीतरी आधीच लिहिलं हाय. अन् वाचणं सोडलं तवापासून शब्दही सुचून नाई राह्यले. दोन्हीकडून गेलो, भाऊ.” तिचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी तिला असं पाहिलं, आणि मी तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मला येतं काय, तर काना-मात्रा तपासणं.

त्या महिन्याच्या शेवटी तिनं दोन दिवसांची रजा घेतली आणि सासरच्या गावी गेली. मोहफुलांचे दिवस होते. सासू इतवारीबाई पहाटेच टोपली घेऊन निघाल्या, ही त्यांच्यामागे. पुढचं मला तिनंच सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच हसत होती.

झाडाखाली फुलांचा सडा पडलेला. सासू वाकून दोन्ही हातांनी वेचायला लागल्या. दीपिकाही बसली. नोकरीला लागल्यापासून तिनं मोहफुलं वेचली नव्हती. ती एकेक फूल उचलून बघायची. हे चिरडलेलं, टाका. याला माती लागलीय, पुसा. याच्यात मुंगी आहे, फुंका. ऊन वर आलं. सासूची टोपली काठोकाठ भरली आणि हिच्या टोपलीचा तळही झाकला नव्हता. तेवढ्यात गावातली गुरं आली आणि उरलेली फुलं खायला लागली.

इतवारीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काय करून राह्यली तू?”

“चांगली चांगली घेऊन राह्यलो, आत्या.”

“इथी कोणी निवडते का, बाई? इथी फक्त वेचाचं. माती आली त येऊ दे, काडी आली त येऊ दे. निवडाचं ते घरी, आंगणात. झाडाखाली निवडत बसली त टोपली भरन कधी? शिकली-सवरली, अन् एवढं नाई समजत तुले!”

दीपिका म्हणाली, “भाऊ, मी तिथंच मातीत बसून घेतलं. सात वर्षं मी झाडाखाली निवडत बसलो होतो.”

रजेवरून आल्यावर तिनं आपला दिवस मधोमध कापला. गाडी चंद्रपूरकडे तोंड करून आहे तोवर फक्त वाचायचं. बारीक डोळ्यानं, समासात खुणा करत, जेवढे खडे सापडतील तेवढे काढत. चंद्रपूरच्या स्टँडवर सव्वा तासात परीक्षण लिहून माझ्या हातात द्यायचं. आणि गाडीनं आलापल्लीकडे तोंड वळवलं की कादंबरी. येताना खोडायचं नाही. काल लिहिलेलं पान उलटूनही बघायचं नाही. वाईट वाक्य आलं तर वाईट वाक्य, पण पुढे जायचं. मी म्हटलं, “असं घड्याळ लावून लिहिता येते का?” ती म्हणाली, “गाडी त येळेवरच सुटते ना जी.”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिचं परीक्षण पुन्हा छापून आलं आणि सोमवारी शिव्यांचे फोनही सुरू झाले. मला इतका आनंद झाला की पहिल्या शिवी देणाऱ्याला मी धन्यवाद म्हटलं. पण परीक्षणात एक फरक पडला होता. चुका ती पूर्वीसारख्याच काढायची, सोडत काही नव्हती. पण आता मध्येच एखादं वाक्य यायचं, की अमुक प्रकरणात लेखक कुठे अडला असेल आणि त्यातून कसा बाहेर आला. हे लिहिणाऱ्याशिवाय कोणाला दिसत नाही. एकवीस चंद्रांच्या त्या कवीनंही फोन केला. म्हणाला, “बाईनं माझी दोन रात्रीची मेहनत बरोबर ओळखली जी.”

रोजच्या प्रवाशांनाही हा नेम पाठ झाला. सकाळी जाताना ते विचारायचे, “बाई, आज कोणतं पुस्तक?” आणि ती सांगायची, चांगलं की वाईट, का ते. संध्याकाळी मात्र तिकिटाशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. आठवडी बाजार करून परतणारी सोनीबाई नावाची एक म्हातारी पुढच्याच सीटवर बसायची आणि कोणी मोबाइलवर गाणी लावली की कावायची, “बंद कर बे! बाई लिहून राह्यली, दिसत नाई का?” ड्रायव्हर झिंगू तर आणखी पुढचा. त्या सडकेचा प्रत्येक खड्डा त्याला तोंडपाठ. खड्डा आला की चार हात आधी तो ओरडायचा, “बाई, पेन उचला!” दीपिका पेन उचलायची, गाडी आपटायची, दीपिका पेन टेकवायची. हस्तलिखितात जिथे जिथे शब्द अर्धवट तुटून पुढे नीट सुरू होतो, तिथे झिंगूचा आवाज आहे.

गुरुजी महिन्यातून दोनदा चंद्रपूरला यायचे आणि परतताना तिच्याच गाडीत चढायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “एक गोंडपिपरी,” एवढंच. तिकीट घेताना मात्र विचारायचे, “किती पानं?” ती आकडा सांगायची. एकशे दहा. दोनशे चार. गुरुजी मान हलवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. पण झिंगूचं म्हणणं होतं की आकडा वाढला की म्हातारा खूश दिसायचा.

ऑगस्टमध्ये वैनगंगेला पूर आला आणि चंद्रपूरला येणारी तिची गाडी आष्टीला दोन दिवस अडकली. मी फोन केला. म्हटलं, “बरं झालं, दोन दिवस मिळाले, लिही भराभर.”

“कसं लिहू, भाऊ? गाडीचं तोंड चंद्रपूरकडे हाय.”

मी कपाळावर हात मारला. “अगं, पण गाडी उभी हाय ना!”

“तोंड कुठी हाय ते पाहाचं असते.” दोन दिवसांत तिनं तीन पुस्तकं वाचली आणि एक ओळ लिहिली नाही. मला राग आला. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या हट्टानंच तिला तारलं. एकदा सवलत घेतली असती तर मागे उभी राहणारी दीपिका सिडाम परतीच्या गाडीतही चढली असती.

नोव्हेंबरअखेर चारशेच्या वर पानं झाली, आणि मी टाइप करत होतो. खरं सांगतो, काही पानं टाइप करताना माझी बोटं थांबायची. डोमाची बायको त्याच्या घमेल्यात भाकर झाकून देते ते पान मी टाइप करून झाल्यावर परत वाचलं. डिसेंबरात तिनं नवीनच काम काढलं. सकाळी जाताना दुसऱ्यांच्या पुस्तकाऐवजी ती स्वतःची टाइप केलेली कादंबरी वाचायला लागली. त्याच बारीक डोळ्यानं, त्याच खुणा करत. आता अंगणात निवडणं चाललं होतं. पानं धडाधड उडायला लागली. घमेल्याचं पानही उडालं.

“ते राहू दे ना!” मी अक्षरशः हात जोडले.

“दुसऱ्याच्या पुस्तकात असतं त मी काय म्हटलं असतं, भाऊ? रडवाले घातलं हाय, म्हटलं असतं.”

चारशेची दोनशे साठ झाली. पण शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं आणि मेळावा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी होता. गुरुवारी झिंगूच्या गाडीचं इंजिन बिघडलं, परतीची फेरी रद्द. शुक्रवारी तिची साप्ताहिक सुट्टी. मी म्हटलं, “घरी बसून लिही.” तिनं प्रयत्न केला. सुनील, तिचा नवरा, स्वतः स्वयंपाक करून पोरांना घेऊन बाहेर गेला. घर शांत होतं, आणि तिला एक शब्द सुचला नाही. हलत्या सीटची सवय लागलेली. उरली शनिवारची एक परतीची फेरी.

आणि शनिवारी कुठल्याशा जत्रेची गर्दी! चंद्रपूरच्या स्टँडवर गाडीत पाय ठेवायला जागा नाही. अशा गर्दीत तिकिटं देता देता गोंडपिपरी येतं, मग उतरणारे-चढणारे, मग आष्टी. लिहिणार कधी? मी खिडकीखाली उभा होतो, आणि माझा धीर सुटला होता. तिचाही सुटला असावा. तिनं वही बॅगेत टाकली आणि तिकिटांचं मशीन हातात घेतलं.

तेव्हा सोनीबाई सीटवर उभी राहिली. कमरेत पदर खोचून तिनं साऱ्या गाडीला दम भरला. “ऐका रे! उद्या बाईचा पेपर हाय. गाडी सुटाच्या आधी साऱ्यायनं तिकीट घ्या. सुट्टे पैसे हातात ठेवा. गावाचं नाव एकदाच सांगा. अन् मंग कोणी आवाज कराचा नाई!” पेपर कसला, कोणाला काय कळलं देव जाणे. पण जत्रेची माणसं परीक्षेला मान देतात. वीस मिनिटांत उभ्या-बसलेल्या सगळ्यांची तिकिटं झाली. गाडी वेळेवर सुटली. बल्लारपूरच्या पुढे, साठ-सत्तर माणसांच्या मध्ये, दीपिका सिडाम शेवटचं प्रकरण लिहीत होती आणि मधूनच झिंगू ओरडत होता, “पेन उचला!”

रविवारी सकाळी तिच्या मोबाइलवरून तेवीस पानांचे फोटो आले. मी चहा न घेता टाइपला बसलो. शेवटच्या पानावर अर्धे शब्द समासात होते, पण खाडाखोड एकही नव्हती.

दुपारी मेळाव्यात ती व्यासपीठावर चढली आणि गुरुजींसमोर गठ्ठा ठेवला. “घ्या जी. ताट रांधून आणलं.” सभागृह उठून उभं राहिलं. मी टाळ्या वाजवता वाजवता रडलो, आणि लपवलंही नाही. गुरुजींनी गठ्ठा हातात घेऊन तोलल्यासारखा केला.

“पुरी झाली, हे मान्य,” ते माइकवर म्हणाले. “तुमचं परीक्षण चालू राहीन. पण कशी झाली, ते मी वाचून सांगीन. सोडणार नाई.”

“सोडू नका,” दीपिका म्हणाली. ती हसत होती, पण मी जवळ होतो म्हणून मला दिसलं, तिचे ओठ कोरडे पडले होते. पैज तिनं जिंकली होती. भीती वेगळीच होती. तिनं ज्याला सर्वांदेखत वाईट म्हटलं होतं तो माणूस आता तिची आठ वर्षं वाचायला बसणार होता, आणि तो खोटं बोलणारा नव्हता.

गुरुजी त्या दिवशी लेकीकडे राहिले. सोमवारी दुपारच्या गाडीनं ते गोंडपिपरीला परतणार हे कळल्यावर मलाही आष्टीला महत्त्वाचं काम निघालं. काम काही नव्हतं. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसलो.

“एक गोंडपिपरी,” गुरुजी म्हणाले. गाडी सुटली. त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला, लाल पेन काढलं, चष्मा पुसला. दीपिका सगळी तिकिटं देऊन सीटवर जाऊन बसली. वही उघडलेली, पण नजर गुरुजींच्या पाठीवर.

बल्लारपूरपर्यंत लाल पेन चाललं. पहिल्या पानावर दोन खुणा, चौथ्यावर एक. प्रत्येक खुणेला मी मान उंचावून ओळ कोणती ते बघायचो. कोठारीजवळ त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. पानं उलटत राहिली. समोरचा माणूस काही बोलला, गुरुजींनी हातानंच त्याला गप केलं.

गोंडपिपरी आलं. दीपिका उठून उभी राहिली आणि रोजच्या आवाजात ओरडली, “गोंडपिपरी!” माणसं उतरली. गुरुजी हलले नाहीत. “गोंडपिपरी, गोंडपिपरी!” ती पुन्हा ओरडली, या वेळी त्यांच्याच बाजूला तोंड करून. मी पुढे वाकणार होतो, पण तिनं मला डोळ्यांनी अडवलं. झिंगूनं आरशातून पाहिलं, थोडा थांबला, मग गाडी काढली. स्वतःच्या गावचा स्टँड, जिथे तीस वर्षांपासून त्या माणसाला सारे ओळखतात, त्यांच्या खिडकीवरून मागे सरकला.

आष्टीचा पूल आला तेव्हा त्यांनी मान वर केली. खाली पाणी दिसल्यावर दचकले. “गोंडपिपरी गेलं?”

“गेलं, गुरुजी,” दीपिका त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. “तीनदा सांगतलं. पुढचं तिकीट घ्या लागन जी.”

मला वाटलं, चिडतील. आष्टीला उतरून परतीची गाडी बघतील. गुरुजींनी खिशात हात घातला, नोट तिच्या हातात दिली आणि पान हरवू नये म्हणून बोट तिथेच ठेवून म्हणाले, “आलापल्लीचंच दे.”

तिनं मशीनचं बटण दाबलं. तिचा चेहरा असा उजळला होता की मी तिला तसं नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. गुरुजींनी तिकीट घेतलं आणि पुन्हा खाली बघितलं. मग मान वर न करताच विचारलं, “बाई, या डोमाले पुढं काही होत तर नाई ना?” आणि लगेच घाईनं म्हणाले, “नको. सांगू नको.”